राष्ट्रीयत्व भारतीय, वर्तणूक चांगली

सांगलीजवळच्या आमच्या आष्ट्यात कुठल्याही घरात जा, कागदांची पिशवी कापड दुकानाचीच असते. थोरल्या लेकीच्या लग्नाचा बस्ता जिथं बांधला, त्या दुकानाचं नाव तिच्यावर अजून अर्धंमुर्धं दिसत असतं. बंद तुटलेले, म्हणून वरून सुतळी. आत सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, सोसायटीचा बेबाकी दाखला, कारखान्याचा शेअर, मुदत संपलेली एलआयसीची पॉलिसी, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आणि तळाला एक लग्नपत्रिका. ती का जपून ठेवलीय हे घरात आता कुणालाच सांगता येत नाही. पिशवीची जागा लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या शेजारी. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचे आमचे पाहुणे घर सोडून आले ते हीच पिशवी पोटाशी धरून. टीव्ही पाण्यात, धान्य पाण्यात, सातबारा मात्र कोरडा. ज्यांचा भिजला त्यांनी पाणी ओसरल्यावर अंगणात दोरी बांधली आणि परकराशेजारी खरेदीखत, खरेदीखताशेजारी बनियन असं चिमटे लावून वाळत घातलं.

अशा पिशवीच्या भरवशावर जगणाऱ्या गावाला ऑगस्ट २०२५ मध्ये पेपरातून एक बातमी कळली. ठाण्याकडच्या एका जामीन अर्जावर आदेश देताना मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्यावरून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. हे कागद ओळख पटवायला आणि सेवा घ्यायला आहेत. नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावर. न्यायालय कायद्याला धरूनच बोललं होतं. पण आमच्या शेजारच्या तात्यांनी बातमी दोनदा वाचली, उठून घरात गेले आणि पिशवी आणून माझ्यासमोर कट्ट्यावर उपडी केली.

"ह्यात मी कुठाय, बगा जरा."

तात्या उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. पावतीशिवाय गाडी आत नाही आणि पावतीशिवाय बाहेर नाही, एवढ्या दोन वाक्यांवर त्यांचा संसार उभा राहिला. मी उमेदीत काही वर्षं एका वकिलाकडं टायपिंगला होतो, त्यामुळं गल्लीत मला अर्धा वकील समजतात. फी मागत नाही म्हणून पुरा समजत नाहीत.

ढिगात सगळ्यांत वर आधार होतं. आधार हे आपल्या महाराष्ट्राचंच लेकरू; २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं, त्याला पंतप्रधान आले होते. पण २०१६ च्या आधार कायद्यात नववं कलम घालून ठेवलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेल्या कुणालाही आधार काढता येतं, मग तो जर्मन का असेना. नव्या कार्डावर तर छापूनच येतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कार्ड नाकाला लावून ती बारीक ओळ वाचली.

"आपल्याच कार्डावर आपल्याच इरोधात साक्ष?"

पॅन परदेशी कंपनीलाही मिळतं. त्यानं सिद्ध होतं ते एवढंच, की तुमच्याकडून सरकारला काही येणं निघू शकतं. मतदार कार्डाशी आल्यावर तात्या हट्टाला पेटले. मतदार व्हायला नागरिक असावं लागतं, संविधानाचं ३२६ वं कलम तसंच म्हणतं; मग १९६७ पासून एकही निवडणूक न चुकवलेला माणूस नागरिक नाही कसा? मी म्हणालो, "यादीत नाव आहे तोवर तुम्ही नागरिक आहात असं धरून चालतात, तात्या. शंका निघाली की ते धरून चालणं थांबतं." त्यावर त्यांनी पासपोर्ट पुढं केला. अमेरिकेतल्या लेकाकडं जायला काढलेला, एकदाच शिक्का बसलेला.

पासपोर्ट त्यातल्या त्यात वजनदार खरा. पण १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं विसावं कलम केंद्र सरकारला लोकहितासाठी भारतीय नसलेल्यालाही पासपोर्ट द्यायची मुभा देतं. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये आपल्यासारख्या जुन्या माणसांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून काय चालेल असं सांगितलं? पॅन आणि आधार.

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे काट्यानं गाडी तोलायची आन् गाडीनं काटा?"

माझ्या मते या विषयावर यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं नाही.

गंमत अशी की मूळ कायदा फार साधा आहे. संविधानाची बहुतेक कलमं २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, पण नागरिकत्वाची त्याआधी दोन महिने, २६ नोव्हेंबर १९४९ लाच. इथं कायम वास्तव्य असलेला आणि इथं जन्मलेला, किंवा आईबापांतलं एक इथं जन्मलेलं, किंवा मागची पाच वर्षं इथं राहिलेला, असा प्रत्येक जण त्या दिवशी भारताचा नागरिक झाला. आष्ट्यातले लोक तेव्हा शाळूच्या रानात होते. कुणी अर्ज केला नाही, तिकीट चिकटवलं नाही, "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकलं नाही. १९५१ च्या जनगणनेत देशात ३६ कोटी माणसं भरली. एवढ्यांचं सरकारी काम एका दमात, एकही हेलपाटा न पडता झाल्याचं हे पहिलं उदाहरण आणि बहुधा शेवटचं.

पुढं १९५५ चा कायदा आला. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो नागरिक. आईबाप कोण हे कायदा विचारत नाही. (राजदूतांची मुलं वगैरे अपवाद आहेत, पण आष्ट्यात राजदूताच्या घरी पाळणा हलल्याचं ऐकिवात नाही.) १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला आईबापांपैकी एक भारतीय असावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याला दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. तात्यांच्या घरात तात्या संविधानानं नागरिक, इथला मुलगा मातीनं, १९९९ चा नातू आईबापांतल्या एकाच्या पुण्याईवर आणि २००६ ची नात दोघांच्या. चौघं एका पंगतीला बसून तांबडा रस्सा ओरपतात आणि चार वेगवेगळ्या नियमांनी भारतीय आहेत.

म्हणजे बहुतेकांना सिद्ध काय करायचं, तर मी इथं जन्मलो. झालं. आणि नेमकं इथंच घोडं अडतं, कारण आपल्याकडं माणूस जन्मतो घरात आणि जन्मतारीख जन्मते शाळेत.

जुन्या पिढीतला प्रवेश कसा व्हायचा हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. जून उजाडला की बाप पोराला बखोटीला धरून शाळेत आणायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्षांचं, नाही लागला तर "पुढच्या साली आणा." लांब हातांची पोरं वर्षभर लवकर शिकली आणि वर्षभर लवकर रिटायर झाली. कान लागला की गुरुजी जनरल रजिस्टरात तारीख घालायचे, १ जून. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस १ जूनला येतो. एवढ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या असत्या तर गावातल्या सुइणीचा चौकात पुतळा असता.

आता संसदेनं निवडलेली तारीख कुठली? १ जुलै. गुरुजींच्या आणि संसदेच्या तारखेत नेमका एक महिना. १९८७ च्या दिवाळीत जन्मलेल्या पोराला गुरुजींनी सवयीनं १ जून १९८७ लिहून टाकलं असेल तर त्यांनी एका फटकाऱ्यात त्याला आईबापांच्या कागदांतून मोकळं केलं; खरी तारीख लिहिली असती तर त्यानं बापाचं भारतीयत्व शोधत हिंडायचं. दिल्लीत नुसत्या तारखेनं एवढं मोठं काम केलेला माणूस मला तरी ठाऊक नाही. हीच १ जुलै पुढं आणखी एकदा भेटली. बिहारात जून २०२५ मध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली तेव्हा जे अकरा कागद चालतील म्हणून सांगितले, त्यांत १ जुलै १९८७ च्या आधी सरकार, बँक, पोस्ट किंवा एलआयसीनं दिलेला कुठलाही दाखला बसत होता. आधार त्यात नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात बारावा कागद म्हणून घ्यायला लावलं, तेही ओळखीपुरतं. ही बातमी वाचल्यावर तात्यांनी मुदत संपलेली पॉलिसी काढून तारीख पाहिली. १९८४! ज्या एजंटाला पाहून ते परसदारानं निसटायचे, त्याच्या नावानं त्या दिवशी चांगले दोन शब्द निघाले.

पण गुरुजींच्या तारखेलाही न्यायालय सहजी पाया पडत नाही. राजस्थानातल्या एका निवडणूक खटल्यात, बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की शाळेच्या रजिस्टरात तारीख आहे एवढ्यानं भागत नाही. ती कुणी सांगितली, कशावरून सांगितली, हे सांगणारा किंवा लिहिणारा साक्षीला आला पाहिजे. आता गुरुजी देवाघरी. बाप देवाघरी. आणि पुराव्याचं मूळ साधन, म्हणजे तो हात आणि तो कान, दोन्ही वाढून बसलेले.

तरीही सारा डोलारा त्याच रजिस्टरावर उभा आहे, हे तात्यांना प्रत्यक्षच अनुभवायला मिळालं. महाराष्ट्रात "वय, अधिवास व राष्ट्रीयत्व" असा एक दाखला महसूल खात्याकडून मिळतो. राष्ट्रीयत्व हा शब्द वाचूनच तात्यांचा चेहरा उजळला. धुतलेला सदरा घालून ते मला घेऊन एका सेवा केंद्रात गेले. खुर्चीतल्या पोरानं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "कशासाठी पायजे आजोबा? शिक्षण का नोकरी?"

"माझ्या समाधानासाठी."

पोरानं कर्सर वर नेला, खाली आणला. "तसा ऑप्शन न्हाई हो."

मग त्यानं कागदांची यादी सांगितली आणि त्यात पहिला निघाला शाळा सोडल्याचा दाखला. तात्यांच्या पिशवीत तो होता. घडीवर फाटलेला, मागून जुन्या पंचांगाचा कागद खळीनं डकवलेला. तो उलगडून आम्ही वाचू लागलो. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ आष्टा, जन्मतारीख १ जून, आणि त्याच शाईत, त्याच वळणात, राष्ट्रीयत्व भारतीय. खाली अभ्यासातली प्रगती बरी, वर्तणूक चांगली. म्हणजे तहसीलदार तात्यांना भारतीय म्हणणार ते मुख्याध्यापकांनी म्हटलंय म्हणून, मुख्याध्यापकांनी म्हटलं ते रजिस्टरात आहे म्हणून, आणि रजिस्टरात आहे ते गुरुजींना पोराकडं बघून तसं वाटलं म्हणून. वर्तणुकीबाबत गुरुजींचा अंदाज साफ चुकलेला होता हे तात्यांच्या काट्यावर वजन केलेला कुठलाही ऊसवाला सांगेल. पण तेवढ्यानं शेजारचा रकाना खोटा पडत नाही.

अर्ज काही भरला गेला नाही. मधल्या काळात साधा मुद्रांक शंभराचा पाचशे झाला होता. प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही असं सरकारनं सांगितलंय, तरी तात्यांच्या मनानं एकदा पाचशेचा आकडा घेतला तो घेतलाच. "पाचशे रुपयं देऊन भारतीय व्हायचं, तर इतकी वर्सं फुकट कोण हुतो मी?"

शाळेच्या आधीचा एक पुरावा गावात असतो, तो म्हणजे कोतवाल बुक. गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंदवही. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं गेल्या काही वर्षांत लोकांना तिची ओळख झाली. पेशवाई बुडाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना इतकी किंमत आली नव्हती. पण तिच्यात पाहावं तर मौज. अमक्या तारखेला अमक्यास मुलगा झाला. मुलाचं नाव नाही! बारसं व्हायच्या आधीच नोंद उरकलेली. तात्यांना चार भाऊ. तेव्हा "मुलगा झाला" तो हाच, हे सांगायला पुन्हा कुणीतरी माणूसच लागतो.

आणि जन्मस्थळाचं काय सांगावं! तात्या जन्मले तेव्हा आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा, मुंबई इलाखा. शाळेत बसले तेव्हा जिल्हा दक्षिण सातारा, कारण १९४९ ला सातारचे दोन केले. मिसरूड फुटली तेव्हा, १९६० ला, दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं आणि मुंबई राज्याचं महाराष्ट्र. घर तेच, उंबरा तोच, दारातला कडुनिंबही हलला नाही. तात्या मात्र कागदोपत्री तीन जिल्हे फिरून आले. त्यात तालुका वाळवा पण तालुक्याची कचेरी इस्लामपुरात. वाळवा हे नदीकाठचं निराळंच गाव. आणि २०२५ मध्ये इस्लामपूरचं ईश्वरपूर झालेलं. परगावच्या कारकुनाला हे समजावताना आपणच बनावट आहोत असं वाटायला लागतं. वर तो विचारतो, "आष्टा म्हणजे बीडजवळचं का?" ते आष्टी. "मग मध्य प्रदेशातलं?" तेही आष्टाच, पण आमचं नव्हे.

काकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, गोष्ट याहून पुढची. त्यांचं माहेर सांगली, आमच्यापासून वीसेक किलोमीटर. पण त्या जन्मल्या तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान आणि आष्टा खालसा मुलूख, म्हणजे काकू राजेसाहेबांची प्रजा आणि तात्या थेट इंग्रजांची. १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं नसतं तर तात्यांना परराज्यातली बायको केल्याचा रुबाब मिरवता आला असता. शाळेशी काकूंचा संबंध भावाला सोडायला जाण्यापुरता, त्यामुळं गुरुजींचं १ जून त्यांच्या वाट्याला आलंच नाही. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हा माहेरचं नाव आडनावासकट गेलं. आधार काढताना वय विचारलं, काकूंनी अंदाजानं सांगितलं, आणि नुसतं वय सांगणाऱ्याला यंत्र १ जानेवारी देतं तशी त्यांना १ जानेवारी १९५० मिळाली. प्रजासत्ताकाला पंचवीस दिवस बाकी असताना काकू जन्मल्या! तात्यांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. लग्न १९६४ च्या मे महिन्यातलं. म्हणजे नवरी चौदा वर्षांची. तेव्हाच्या शारदा कायद्यात मुलीला पंधरा पुरी लागत.

"आवो, नागरिक ऱ्हायलो बाजूला, मी तर गुन्हेगार निघालो!"

काकू आतून म्हणाल्या, "साठ वर्सं मी तेच म्हणतीया."

एवढं झाल्यावर तात्यांनी मला सरळ विचारलं, की मग असा एकतरी कागद हाय का, ज्यावर भारत सरकार म्हणतंय की हा माणूस भारताचा नागरिक? आहे की. पण तो मिळवायला आधी परदेशी असावं लागतं. बाहेरून येऊन रीतसर अर्ज करून जो नागरिक होतो, त्याला नोंदणीचं किंवा देशीयकरणाचं प्रमाणपत्र मिळतं. गायक अदनान सामी आधी पाकिस्तानचे नागरिक. १ जानेवारी २०१६ ला त्यांना ते हातात मिळालं. अक्षय कुमार अमृतसरला जन्मलेला, मध्यंतरी कॅनडाचा झाला, १५ ऑगस्ट २०२३ ला त्यानं पुन्हा भारतीय झाल्याचा कागद लोकांना दाखवला. तात्या कुठं गेलेच नाहीत, त्यामुळं परत आल्याचा दाखला त्यांना कोण देणार? नागरिकत्व कायद्याच्या तेराव्या कलमात एक सोय आहे. एखाद्याच्या नागरिकत्वाविषयी शंका असेल तर केंद्र सरकार त्याला प्रमाणपत्र देऊ शकतं. म्हणजे आधी स्वतःविषयी शंका काढून घ्यायची. तात्यांविषयी गावात शंका पुष्कळ आहेत, पण या जातीची एकही नाही.

त्यांच्या अमेरिकेतल्या लेकाचं उलटं झालंय. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी त्याच कायद्याच्या नवव्या कलमानं इथलं आपोआप गेलं. कुणी नोटीस काढली नाही की पंचनामा केला नाही. त्याच्याकडं फोटो चिकटवलेलं अमेरिकेचं झोकदार प्रमाणपत्र आहे आणि भारताचं ओसीआय कार्डही आहे. त्या कार्डावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मागच्या खेपेला तो म्हणाला, मळ्याला लागून वीस गुंठे घेऊ या. तात्यांनी त्याला समजावलं, की बाबा, तू नागरिक असतास तरी आधी शेतकरी असल्याचं दाखवावं लागलं असतं. महाराष्ट्रात कूळ कायद्यानं शेतकऱ्यालाच शेती विकत घेता येते. आमच्या भागात हा दाखला नागरिकत्वाच्या कितीतरी वर मानतात. "तू भारतीय न्हाईस" असं कुणी म्हटलं तर तात्या चहा पिऊन विचार करतील. "तू शेतकरी न्हाईस" म्हटलं तर चहासुद्धा पिणार नाहीत.

कट्ट्यावर बसून हे सगळं बोलायला मजा येते, कारण आम्हाला कुणी विचारलेलं नाही. आसामात विचारलं. तिथं ३१ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची शेवटची यादी लागली आणि १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली. त्याच वर्षी, लष्करात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या मोहम्मद सनाउल्लाह यांना परदेशी ठरवून स्थानबद्ध केलं. नंतर उच्च न्यायालयानं जामीन दिला. आमच्या शेजारी सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, जिथं फौजेतला माणूस नाही असं घर शोधावं लागतं. तिथल्या एखाद्या सुभेदाराला पेन्शनच्या कागदासकट असं उभं केलेलं डोळ्यांपुढं आणा, म्हणजे हसू जागच्या जागी विरेल. चोरीच्या खटल्यात चोरी झाली हे सरकारनं सिद्ध करायचं असतं. परदेशी असल्याचा वहीम आला की मी परदेशी नाही हे ज्याच्यावर वहीम त्यानंच सिद्ध करायचं. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात हे होतं आणि २०२५ च्या नव्या कायद्यानंही ते तसंच ठेवलंय. न केलेल्या गोष्टीची पावती कुठून आणायची हे काट्यावरच्या माणसालाही सांगता येणार नाही.

मला विचाराल तर कायदा वाटतो तेवढा कागदवेडा नाही; कागदवेडे आहेत ते खिडकीच्या दोन्ही बाजूंचे आपण. १८७२ च्या पुरावा कायद्याचं बत्तिसावं कलम वाचावं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि हे कलम सव्विसावं झालं, मजकूर जवळपास तोच. माणूस मेलेला असला तरी नात्यागोत्याविषयी, वाद निघायच्या आधी, तो जे बोलून किंवा लिहून गेला ते पुराव्यात घेता येतं. मेलेल्यांच्या आपसांतल्या नात्यासाठी वंशावळ चालते, थडग्यावरचा लेख चालतो, आणि असा मजकूर ज्यावर एरवी लिहितात अशी कुठलीही वस्तू चालते. विलायतेत या गोष्टी थडग्यावर लिहीत असतील. आपल्याकडं वंशावळ म्हटली की हेळवी आला. सुगी संपली की बैल घेऊन, घंटा वाजवत दारात यायचा, हल्ली मोटारसायकलवर येतो. तो तुमच्या खापरपणजोबाचं नाव, त्याच्या दोन बायका, कुठल्या गावाहून उठून इथं आला, हे सगळं घडाघडा म्हणतो आणि पायलीभर धान्य घेऊन जातो. गावच्या भावई उत्सवात कुणाचा मान कुठला हेही आष्ट्यात कुणी कागद बघून ठरवत नाही. आणि परक्या पोराला गल्लीत अडवून म्हातारी विचारते, "कुणाचा रं तू?" त्या एका प्रश्नात आई, बाप, आजोळ आणि बांधाचं भांडण इतकं सगळं तपासून होतं.

"वस्तू म्हंजे कसली वस्तू?" तात्यांनी विचारलं. त्यांचं लक्ष हेळव्यावर नव्हतंच.

"ज्यावर आपण नावं घालतो अशी कुठलीही. भांडीसुद्धा, मी म्हणतो."

तात्या तसेच उठले आणि माजघरातून काकूंच्या लग्नातली तांब्याची घागर घेऊन आले. तिच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : काकूंचं माहेरचं नाव, "हिचे लग्नात" म्हणून वडिलांकडून भेट, वडिलांचं पूर्ण नाव, राहणार सांगली, आणि तारीख. मे १९६४. कोरणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून शेवटचे दोन आकडे कानाखाली सरकवले होते. काकूंचं जन्माचं नाव, बाप आणि गाव एकत्र लिहिलेली ही जगातली एकमेव जागा. बाप वारलेला, मजकूर वादाच्या कितीतरी आधीचा, आणि लेक कोण हे बापापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? वकिलाकडं असतो तर मी तिथंच उभा राहून "निशाणी एक" म्हटलं असतं.

तात्या घागर काखेत मारून थेट झेरॉक्सच्या दुकानात. मी मागून. दुकानातल्या पोरानं घागरीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं.

"काका, काच फुटंल. मोबाइलवर फोटू मारतो, प्रिंट काढतो."

मजकूर गोलाकार, त्यामुळं घागर फिरवत फिरवत चार फोटो झाले. प्रिंट हातात पडल्यावर तात्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि चौथ्या पानाच्या खाली, घागरीच्या बुडाशी, "मूळ प्रत पाहिली, सत्यप्रत" लिहून सही ठोकली. तेवढ्यात पोराच्याच मोबाइलवर तात्यांच्या घरचा नंबर वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"त्यास्नी म्हणावं, पुरावा मागनं द्या," काकू ओरडत होत्या, "नळाला पाणी आलंय, आधी घागर आणा!"